पाण्यावरची गावं आणि पाण्याखालची गावं

शनिवारी दुपारी पुण्याहून आलेली लोकल मळवलीला थांबते आणि पाठीवर सॅक लावलेली तरुण मंडळी फलाटावर उतरतात. काही कार्ल्याकडे वळतात, काही भाज्याच्या लेण्यांकडे आणि लोहगड-विसापूरकडे. अलीकडच्या काही वर्षांत तिसरा घोळका मोठा झाला आहे, तो पवनेच्या काठी तंबूत रात्र काढायला आलेल्यांचा. लोहगडाच्या अंगाने दुधिवरे खिंड ओलांडली की खाली पवना धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. समोर तुंग, डावीकडे तिकोना. अंधार पडला की काठच्या तंबूंवरच्या दिव्यांच्या माळा पाण्यात उतरतात आणि वस्ती थेट पाण्यावरच वसली आहे असा भास होतो. ‘इथे तळ्यावर तरंगतं गाव आहे ना?’ असं विचारणारे पाहुणे या भागात भेटतात, ते त्यामुळेच.

तसं गाव इथे नाही. तंबू काठाच्या जमिनीवर आहेत. गावं मात्र खरोखर आहेत, ती पाण्याखाली.

तरंगतं गाव बघायचंच असेल तर आपल्या देशात मणिपूरला जावं लागतं. तिथल्या लोकटक सरोवरात पाणवनस्पती, कुजलेला पाला आणि माती यांचे थर एकमेकांत गुंतून मोठमोठे पुंजके तयार होतात. त्यांना तिथे फुमदी म्हणतात. जुन्या गोधडीसारखी ही फुमदी थरावर थर चढत जाड होते. काही ठिकाणी तिची जाडी दोन मीटरपर्यंत भरते. तिचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर असतो, बाकीचा खाली. तिच्यावर माणूस चालू शकतो, झोपडी बांधू शकतो, मासेमारीसाठी गोल कडं करून आत जाळं लावू शकतो. चाम्पू खांगपोक ही अशी झोपड्यांची वस्ती. सरोवराच्या दक्षिण टोकाला केइबुल लामजाओ हे राष्ट्रीय उद्यान आहे, तेही याच तरंगत्या जमिनीवर. संगाई नावाचं दुर्मीळ हरीण नैसर्गिक अधिवासात फक्त तिथे उरलं आहे.

ही तरंगती जमीन कशावर जगते, ते समजून घेण्यासारखं आहे. उन्हाळ्यात सरोवराचं पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकते. तिच्यातल्या वनस्पतींची मुळं तळाच्या मातीत शिरतात, वर्षभराचं अन्न घेतात आणि पावसाळ्यात पाणी चढलं की पुंजका पुन्हा वर येतो. म्हणजे जी जमीन आपल्याला कायम तरंगणारी वाटते, तिला दर वर्षी काही काळ जमिनीला टेकावं लागतं. 1983 मध्ये इथाई इथे बंधारा झाला. 105 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी सरोवराची पातळी बारमाही वर ठेवली जाऊ लागली. फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या आणि पातळ होऊ लागल्या. काठची शेतं पाण्याखाली गेली. त्या शेतांवरचे लोक मासेमारीकडे आणि फुमदीवरच्या झोपड्यांकडे वळले. पुढे सरोवराच्या संरक्षणासाठी 2006 मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये त्याच्या आधाराने फुमदीवरच्या शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या.

जगात इतरत्रही अशी गावं आहेत. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरात उरू लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची बेटं विणतात. खालचा थर कुजत जातो म्हणून वर सतत नवा थर घालत राहावं लागतं. कंबोडियातल्या टोनले साप सरोवरात पावसाळ्यात मेकाँगच्या पुरामुळे सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते, सरोवर कित्येक पटींनी फुगतं आणि घरं पाण्यासोबत जागा बदलतात. या सगळ्या ठिकाणी सरोवराचं चढणं-उतरणं निसर्गाच्या हातात आहे, लोकटकला बंधाऱ्याआधी होतं, आणि त्या चढउताराचं गणित तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. गाव तरंगतं ते या गणितावर.

मावळातली तळी वेगळ्या जातीची आहेत. लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी ही नावं आपण सहलीची ठिकाणं म्हणून घेतो, पण ते सगळं माणसाने अडवलेलं पाणी आहे. टाटांच्या कंपनीने घाटमाथ्यावरचं पाणी अडवलं आणि बोगद्यांतून, नळांतून ते सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडून वीज तयार केली. 1915 मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, 1922 मध्ये भिवपुरीचं, 1927 मध्ये भिऱ्याचं. इंद्रायणी आणि मुळा यांचं जे पाणी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं, ते पश्चिमेला वळलं आणि मुंबईच्या गिरण्या त्याच्यावर चालल्या. लोकटकच्या प्रकल्पानेही हेच केलं. सरोवराचं पाणी डोंगरापलीकडच्या दुसऱ्या खोऱ्यात सोडलं. दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या या तळ्यांची कुंडली इतकी जुळते.

मुळशीचं धरण होताना मावळ्यांनी लढा दिला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. जमिनीचा ताबा रीतसर घेण्याआधीच कंपनीने खोदकाम काढलं होतं. शेतकरी, त्यांची बायका-मुलं चरांत उतरून बसली, काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी; ‘सेनापती’ हे बापटांचं बिरुद इथलंच. तीन वर्षांनी लढा विझला. बावन्न गावांच्या त्या खोऱ्यातली भाताची उत्तम खाचरं पाण्याखाली गेली. ज्या सावकारांकडे जमिनी गहाण होत्या त्यांना जमिनीपेक्षा मोबदल्याच्या रकमेत रस होता, हेही त्या लढ्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ते वाचताना आजही जीव तुटतो.

पवना धरण स्वातंत्र्यानंतरचं. 1960 च्या दशकात काम सुरू झालं आणि 1972 च्या सुमारास पाणी साठू लागलं. साडेआठ टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा. पाणी नदीत सोडलं जातं, नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला मिळतं. लाखो लोकांच्या नळाला येणारं हे पाणी आहे आणि ते गरजेचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांच्या खाचरांवर ते साठलं त्यांचं काय झालं, हे विचारण्याचा हक्कही तितकाच खरा आहे. बाराशेहून अधिक खातेदारांची जमीन या धरणात गेली. त्यांतल्या आठशेहून अधिक जणांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. अर्ज करणारे आजोबा गेले, मग वडील हेलपाटे घालू लागले आणि आता नातू फाइल घेऊन जातात. शासनदरबारी या घरांना एकच ओळख आहे : धरणग्रस्त.

पाण्याखालचं गाव डोळ्यांनी बघायचं असेल तर मे महिन्यात यावं. पाणी उतरतं तसं जलाशयातलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर बाहेर येऊ लागतं. आधी माथा, मग भिंती, मग भोवतीचा चिखल. चुना न घालता एकावर एक बसवलेले घडीव दगड. वर्षातले सात-आठ महिने पाण्यात राहूनही ते जागचे फारसे हललेले नाहीत. दगडांवर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या असतात. भोवतीचा गाळ वाळून भेगाळलेला असतो, पायाखाली शिंपल्यांचा चुरा करकरतो. आसपासच्या गावांतले लोक येतात, नारळ फोडतात, पिंडीवरचा गाळ हाताने बाजूला करून फूल वाहतात. एखादे आजोबा मंदिराच्या पायरीशी उभे राहून मोकळ्या गाळाकडे बोट करतात आणि सांगतात, इथून आमची वाट होती, तिथे खळं होतं, त्या पलीकडे आंबा. दाखवलेल्या जागी काहीही नसतं. ऐकणाऱ्या नातवाला मात्र त्या वाटेचं वळणसुद्धा माहीत असतं, कारण दर उन्हाळ्यात ते त्याला दाखवलेलं असतं.

गोव्यात कुर्डीला हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. साळावली धरणामुळे 1986 मध्ये हे गाव बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं हे जन्मगाव. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की विखुरलेली कुटुंबं परत येतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या प्रार्थनास्थळी फेस्त करतात. काही दिवस गाव पुन्हा नांदतं आणि पावसाळा आला की पाणी त्याला परत घेतं. उजनी धरणाच्या फुगवट्यातलं पळसदेवचं मंदिरही असंच दुष्काळी उन्हाळ्यात वर येतं. फुमदी दर वर्षी तळाला टेकली तरच जगते. ही बुडालेली गावंही उन्हाळ्यात थोडा वेळ उघडी पडतात, त्या वेळी त्यांची माणसं तिथे जाऊन उभी राहतात आणि त्यामुळेच ती लोकांच्या मनातून पुसली जात नाहीत.

पवनेच्या काठी आज लोक कसे जगतात, तेही सांगायला हवं. पाणी मागे सरकतं तशी उघडी पडणारी गाळपेर जमीन काही जण कसतात. कातकरी कुटुंबं पहाटे फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात. खाली खोल पाणी, वर एक माणूस आणि मांडीवर जाळ्याची गुंडाळी. पवनेवर खऱ्या अर्थाने तरंगणारी माणसं म्हणाल तर हीच. ज्यांची काठावर थोडी जमीन उरली ते शनिवार-रविवारी तंबू लावतात, पिठलं-भाकरी आणि चिकनची थाळी करून वाढतात. मला हा बदल वाईट वाटत नाही. पाण्याने जमीन घेतली, त्या पाण्याच्या देखाव्यावर दोन पैसे त्याच घराला मिळाले तर त्यात न्याय आहे. वाईट वाटतं ते जमीन बाहेरच्याने विकत घेतली की. मग मूळ मालकाचा मुलगा तिथेच गाड्या लावून द्यायला उभा राहतो.

9 ऑगस्ट 2011 ही तारीख या खोऱ्यात कोणी विसरत नाही. पवनानगरहून निगडीपर्यंत सुमारे 35 किलोमीटरच्या बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. पाणी नदीतून वाहतं तोवर काठची शेतं आणि विहिरी जिवंत राहतात. नळात गेलं की नदी कोरडी, हा त्यांचा साधा मुद्दा. त्या दिवशी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यांत एक महिला होती. काम थांबलं. लोकटकवर झोपड्या जळाल्या त्या याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांनी. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : तळ्याच्या पाण्याबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, काठावर राहणाऱ्याचा की दूर बसून ते वापरणाऱ्याचा?

म्हणून पवनेला येणाऱ्या पाहुण्यांशी थोडं स्पष्ट बोलतो. पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध, ताली आणि गाळ आहे. काठापासून चार पावलांवर अचानक खोली लागते, गाळात पाय रुततो आणि पट्टीचा पोहणाराही अडकतो. दर वर्षी इथे तरुण मुलं बुडतात. मग ‘शिवदुर्ग मित्र’ किंवा ‘वन्यजीव रक्षक मावळ’चे स्वयंसेवक रात्री-अपरात्री त्यांना शोधायला पाण्यात उतरतात. होडीत बसायचं असेल तर परवानगी आहे का ते आधी विचारा आणि जीवरक्षक जाकीट नसेल तर बसू नका. रात्री मोठ्या आवाजात गाणी लावू नका. पलीकडच्या वाडीत पहाटे उठणारी माणसं झोपलेली असतात. हे पिण्याचं पाणी आहे, त्यात प्लेट, बाटली, उरलेलं अन्न काहीही टाकू नका. मे महिन्यात वाघेश्वरापर्यंत गेलात तर चप्पल बाहेर काढा आणि फोटोसाठी दगडांवर चढू नका.

आणि तंबू ठरवताना फोनवर भाव विचाराल, जेवणात काय ते विचाराल, तेव्हा आणखी एक गोष्ट विचारा : जागा कोणाची, मालक कुठल्या गावचे? स्थानिक धरणग्रस्ताचं घर सापडेल तिथेच पैसे द्या. रात्री जेवणं आटोपली की त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यांचं जुनं गाव कुठे होतं ते विचारा. ती माणसं सांगतात.