बाळाला ‘मी’ सापडतो तेव्हा

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर आज संध्याकाळी एक खेळ करून बघा. मुलाचं तोंड पुसता पुसता, त्याच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, नाकाच्या शेंड्यावर गंधाचा एक ठिपका लावा. पाच-दहा मिनिटं त्याला इकडेतिकडे खेळू द्या आणि मग आरशासमोर न्या. आपण काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

वर्षाचं बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसेल, काचेवर थापट्या मारेल, कदाचित आरशाच्या मागे कोण आहे तेही बघून येईल. पण दीड वर्षाच्या पुढचं मूल बऱ्याचदा क्षणभर थबकतं. आणि मग त्याचा हात आरशाकडे जात नाही, स्वतःच्या नाकाकडे जातो. ‘हे बाळ म्हणजे मीच’ हे त्याला उमगलेलं असतं. ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या नाकाला लाली लावून हा प्रयोग केला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध झाला. साधारण दीड वर्षापासून मुलं ही ओळख दाखवू लागतात आणि दोन वर्षांपर्यंत बहुतेकांना ती आलेली असते. मात्र ही परीक्षा नव्हे. आज हात नाकाकडे गेला नाही तर काळजी करायचं कारण नाही. महिन्याभराने पुन्हा खेळा.

याच सुमाराला मुलाच्या बोलण्यातही बदल होतो. आधी ते स्वतःला नावाने हाक मारत असतं. ‘बाळाला दूध’, ‘सोनूला पाहिजे.’ मग ‘मी’ येतो, ‘माझं’ येतं. आपल्या मराठीत तर एक गंमत आहे. दिवसभर आईच्या किंवा आजीच्या सहवासात असलेला मुलगा खुशाल ‘मी येते’, ‘मी खाते’ म्हणतो. घरातले हसतात. पण तो आईचा ‘मी’ उसना घेऊन वापरून बघत असतो. हळूहळू त्यातून त्याचा स्वतःचा ‘मी’ तयार होतो. आणि त्याच्या पाठोपाठ येतो तो सगळ्या आयांच्या ओळखीचा शब्द, ‘नाही!’ जेवायचं? नाही. झोपायचं? नाही. चप्पल मी घालणार, तीही उलट्या पायात.

या हट्टाला आपण वैतागतो. पण एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं आहे की, या वयात मूल एका महत्त्वाच्या प्रश्नाशी झटत असतं. माझं मला करता येतं का? करू दिलं तर त्याच्यात स्वायत्तता रुजते. पदोपदी अडवलं, हसलं, तर लाज आणि स्वतःविषयीची शंका रुजते. आज मला बोलायचं आहे ते याच विषयावर. एक ते तीन वर्षांच्या मुलाला घरातल्या घरात, साध्या वस्तूंतून, स्वतःचा शोध कसा घेऊ द्यायचा?

आधी माझी एक चूक सांगते. मी बालवाडीत शिकवत होते. माझी लेक अडीच वर्षांची होती. एका दुपारी तिने पाटीवर खडूने गरागरा रेघोट्या मारल्या आणि म्हणाली, ‘आंबा!’ मला तेव्हा नर्सरीच्या प्रवेशाची घाई झालेली. मी तिचा हात हातात धरला, ‘आंबा असा असतो गं’ म्हणत छान बाक असलेला आंबा काढला, वर देठ आणि पानही काढलं. दुसऱ्या दिवशी पाटी दिली तर तिने खडू माझ्याच हातात ठेवला. ‘आई, तू काढ.’ त्यानंतर कित्येक महिने ती तेच म्हणत राहिली. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना ‘काढा हवं तसं’ म्हणणारी मी, घरात मात्र माझ्याच मुलीला शिकवून बसले होते की, आईसारखं येत नसेल तर काढायचंच नाही.

त्या आंब्यात काय चुकलं होतं, ते मला पुढे नीट कळलं. ऱ्होडा केलॉग या सॅन फ्रान्सिस्कोतल्या बालवाडीच्या शिक्षिका. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांतल्या गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार वेगळे काढले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी रेघ, गुंतवळ, गोल गोल फेरे. कुठल्याही देशातलं मूल आधी हेच करतं. मग कधीतरी तीन वर्षांच्या आसपास रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते आणि गोल बंद होतो. त्या गोलाला बाहेरून रेघा फुटल्या की सूर्य होतो. पुढे त्याच गोलाला डोळे येतात, खाली दोन पाय लटकतात आणि कागदावर पहिला माणूस उभा राहतो. हा माणूस कोण, असं विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं, ‘मी!’ या वाटेतली एकही पायरी आपण हात धरून ओलांडून देऊ शकत नाही.

याला शरीराचंही कारण आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेचीच असतात. नंतर एकेक करून त्यांचं हाड होत जातं आणि ते काम पुरं व्हायला बारा वर्षांच्या आसपासचं वय उजाडतं. लहान मूल आधी खांद्यातून हात हलवतं, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि बोटांवर ताबा येतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला मोठा कागद हवा, जाड खडू हवा. वही-पेन्सिल आणि ‘अ’ गिरवणं त्याच्या हाताला पेलणारं नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून जमिनीला चिकटपट्टीने चिकटवा, बाजारातला जाड मेणखडू द्या, झालं. खडू तोंडात जाणारच, तेव्हा लहान मुलांसाठी निर्धोक असं लिहिलेलाच घ्या. आणि ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका. पुष्कळदा त्याने ‘काही’ काढलेलंच नसतं, हात फिरवला की खूण उमटते हे बघितलेलं असतं. त्यापेक्षा म्हणा, ‘किती गोल गोल फिरवलास हात! ही रेघ तर पार कोपऱ्यापर्यंत गेली.’

आता खेळांकडे वळू. एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ. बसायला लागलेल्या बाळापुढे त्या एक टोपली ठेवत. तिच्यात प्लास्टिकचं खेळणं एकही नाही. लाकडी चमचा, ब्रश, चामड्याचा तुकडा, धातूची वाटी, लोकरीचा गोळा, असल्याच घरगुती वस्तू. मोठं माणूस शेजारी गप्प बसणार आणि बाळ एकेक वस्तू उचलून बघणार, चाखणार, आपटणार. आपल्याकडे अशी टोपली भरायला बाजारात जावंच लागत नाही. पळी, लाटणं, फुलपात्र, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, खणाचा तुकडा, नवी कुंचली, मोठं लिंबू. दहा-बारा वस्तू पुरेत. बाळ लिंबाला दात लावून तोंड वेडंवाकडं करेल आणि पुन्हा लावेल. एकदा झालं ते पुन्हा होतं का, हे ते तपासत असतं.

वर्ष-सव्वा वर्षानंतर प्रश्न बदलतो. ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘याचं काय करता येतं?’ मग झाकणाचे डबे द्या. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं, हे कळायला त्याला आठवडाभर लागेल, लागू द्या. परातीत थोडं पाणी, दोन वाट्या आणि चहाची गाळणी द्या. वाटीतलं पाणी वाटीत जातं, गाळणीतलं राहत नाही. हा शोध आपण सांगून उपयोग नाही, तो पन्नास वेळा ओतूनच लागतो. फरशी ओली होईल. त्याच्या हातात छोटं फडकं द्या. पुसणं हाही त्याच्या लेखी खेळच आहे.

कणीक मळताना एक गोळा त्याच्यासाठी काढून ठेवा. दाबला की खड्डा पडतो, ओढला की लांब होतो, आपटला की चपटा होतो. माझ्या हातात काहीतरी बदलण्याची ताकद आहे, हे मुलाला कणकेइतकं चटकन दुसरं काही सांगत नाही.

दिवाळीला आपण लक्ष्मीची पावलं काढतो, त्यातलाच एक खेळ आहे. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून ताटलीत घ्या. मुलाची मूठ वळून करंगळीकडची बाजू पिठात टेकवा आणि काळ्या कागदावर उमटवा. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्या. हाताने पाऊल तयार होतं! एकदा आपण आपल्या मुठीने करून दाखवावं आणि मग बाजूला व्हावं. त्याची पावलं सहा बोटांची होतील, दोन बोटांची होतील. सुधारू नका. शेजारी त्याच्या खऱ्या पावलाचा ठसा घ्या, तुमच्याही हाताचा घ्या, तारीख घालून जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा ठसा घेतला की ‘मी मोठा झालो’ हे त्याला डोळ्यांनी दिसेल.

आणि घरातली कामं. मेथी निवडताना, गवार मोडताना मुलाला शेजारी बसवा. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायला सांगा. बाबांचा मोजा कुठला, माझा कुठला, या एका कामात लहान-मोठं आलं, रंग आले, जोडी आली आणि घरातली माणसंही आली. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा मुलं झाडणं, पुसणं, ओतणं, बटणं लावणं अशा कामांत किती रंगतात हे त्यांना दिसलं. त्यांच्या पद्धतीत या कामांना पहिला मान आहे.

महागडी साधनं नसतील तर काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्याच मातीत मिळालं. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींची पद्धत भावनगरच्या बालमंदिरात आपल्या मुलांसाठी वळवून घेतली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले, काटक्या हीच शिक्षणाची साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना ताराबाईंचीच. अंगण प्रत्येकाला असतं असं नाही, पण दोन खोल्यांच्या घरातही मुलासाठी एक सतरंजीभर जागा निघते.

यात काही पथ्यं मात्र कडकपणे पाळायला हवीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती दीड इंचाहून लहान वस्तू देऊ नये. मणी, चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, मटार घशात अडकतात, नाकात जातात. खेळण्यातल्या आणि रिमोटमधल्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या तर गिळल्या गेल्या की काही तासांत अन्ननलिका जाळतात. मुलाने तशी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठा. पाण्याचा खेळ चालू असताना फोन आला तरी उठू नका. दोन-चार इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की परात लगेच रिकामी करा, बादली भरलेली ठेवू नका. मोबाइलचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे की, दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. पडद्यावरचं पाणी ओतताही येत नाही आणि सांडतही नाही.

‘आम्ही दोघंही नोकरी करतो, वेळ कुठून आणायचा?’ असं आई-बाबा विचारतात. खरंच आहे. पण यातल्या कुठल्याच खेळाला वेगळा तास लागत नाही. कणीक रोजच मळली जाते, मोजे रोजच धुतले जातात. रोज पंधरा मिनिटं मूल काहीतरी करत असताना शेजारी बसा आणि हात मागे ठेवा. झाकण लागत नाही म्हणून त्याने आपल्याकडे बघेपर्यंत थांबा. बघितलं तर थोडं सैल करून द्या, पण शेवटचा फिरवा त्यालाच देऊ द्या.

माझ्या लेकीचं पुढे काय झालं, ते राहिलंच. मी पाटी उचलून ठेवली. चित्राचं नाव काढणं बंद केलं. एका सकाळी मी पोळ्या करत होते. पोळपाटाशेजारी ओट्यावर पीठ सांडलं होतं. ती स्टुलावर उभी राहिली आणि त्या पिठात बोटाने एक रेघ ओढली. मग आणखी एक. मी मान न वळवता पोळ्या लाटत राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘आंबा.’ तो आंब्यासारखा मुळीच नव्हता. मी म्हटलं, ‘हो का?’ आणि ओटा त्या दिवशी दुपारपर्यंत पुसला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)