नंदीची चाके

तान्हा पोळा विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. पोरे लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. मला वेड आहे ते त्याआधीच्या आठवड्याचे. पवनार, सेलू, वर्धा, कुठेही जा, या दिवसांत माळ्यावरचा नंदी खाली उतरतो. कान निखळलेला, शिंग ढिले, एक चाक आसाशी घासून अंडाकृती झालेले. मग भेगांत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, पांढरा रंग द्यायचा, डोळे नव्याने काढायचे, बेगड, गोंडे, घुंगरू, झूल. आजोबांच्या नंदीला नातवाने यंदा कोणता रंग द्यायचा यावर घराघरांत खरीखुरी भांडणे होतात.

जुने नंदी जमवायला लागल्यापासून मी जगभरच्या खेळणी-संग्राहकांबद्दल वाचत आलो. जपानी पत्र्याच्या यंत्रमानवांच्या बाजारात मूळ रंग आणि मूळ खोके यांनाच भाव असतो. पुन्हा रंगवले की किंमत उतरते. आपल्याकडे नेमके उलट. माझ्याजवळच्या एका नंदीच्या पाठीवर रंगाचे इतके थर आहेत की खपली उडाली तिथे पांढऱ्याखाली तांबडा, त्याखाली पुन्हा पांढरा दिसतो. मला हे मूळ रंगापेक्षा मोलाचे वाटते.

पवनारला मात्र डागडुजी न झालेल्या मूर्तीही आहेत. विनोबा १९३८ मध्ये धाम नदीकाठी राहायला आले. तिथे शेत खणताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतली भरत-राम भेट आश्रमात पूजली जाते. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांचे प्रवरपूर असे मांडले. पुढे मनसरच्या उत्खननाने तो वाद पुन्हा पेटला. त्यात इथे शिरत नाही. पण १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले, आणि ढवळीकरांच्या मागे जाता जाता मी दायमाबादला पोचलो.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यवस्तू सापडल्या. दोन बैलांचा ४५ सेंमी लांबीचा रथ, त्यात उभा माणूस. ३१ सेंमी उंचीची म्हैस, चार भरीव चाकांवर. १९ सेंमीचा गेंडा, तोही चाकांवर. आणि २५ सेंमीचा हत्ती, ज्याचे आस आणि चाके हरवली आहेत. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून जास्त. ढवळीकरांनी त्यांवर लिहिले. म. न. देशपांडे, शि. रं. राव, एस. ए. साळी यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूतले एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असे म्हटले, कारण इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. हत्ती, गेंडा, म्हैस मोहेंजोदडोच्या पशुपती मुद्रेवरही आहेत, हे अभ्यासकांच्या नजरेतून सुटले नाही.

काळाचा निवाडा मी करू शकत नाही. पण ही खेळणी होती की मिरवणुकीतल्या पूज्य वस्तू, हा प्रश्न वर्धेकडच्या माणसाला चुकीचा वाटतो. एवढे वजन मूल ओढणार नाही, म्हणून खेळणे नव्हे, असा युक्तिवाद होतो. तो करणाऱ्यांनी याच वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा पाहावा. तिथे माणसापेक्षा उंच नंदी मिरवतात आणि शेजारून तळहाताएवढा नंदीही चाललेला असतो. दोघांनाही कुंकू लागते, दोघांचीही चाके कुरकुरतात. पूजा झाली म्हणून खेळ थांबत नाही. दायमाबादच्या वस्तू बनवणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत होत्या, असे आपण का धरून चालतो?

मूळ हत्तीला हात लावू नये, हे मान्य. पण त्याची त्याच वजनाची ओतीव प्रतिकृती करून आपल्याकडच्या एखाद्या सुताराकडे द्यावी. म्हशीच्या आसाचे माप घेऊन तो चाके बसवेल, आणि दोरी नेमकी कुठे बांधली तर हत्ती उलटत नाही हे तासाभरात सांगेल. पुरातत्त्वाच्या एकाही विभागाने हे अजून केले नसेल, तर पुढच्या पोळ्याआधी करावे.