एका बटणात अनेक कळा : गेमिंग माऊसवर मॅक्रो कसा बसवावा

संगणकावरील खेळांसाठी तयार केलेला माऊस आता केवळ पडद्यावर बाण फिरवण्याचे साधन राहिलेला नाही. त्याच्या कडेला, अंगठ्याजवळ, जादा बटणे असतात आणि प्रत्येक बटणाला हवे ते काम नेमून देता येते. अनेक कळांचा क्रम एकाच बटणात साठवण्याच्या सोयीला ‘मॅक्रो’ म्हणतात. मॅक्रो बसवणे अवघड नाही. मात्र कळांमधील वेळेचे अंतर, मॅक्रो साठवण्याची जागा आणि खेळाचे नियम या तीन बाबींकडे दुर्लक्ष झाल्यास तो निकामी ठरतो किंवा खेळाडूला सामन्यातून बाहेर पडावे लागते.

मॅक्रो म्हणजे काय?

‘मॅक्रो’ हा शब्द ‘मोठा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. एका सूचनेतून अनेक सूचना निर्माण करण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात १९५० च्या दशकापासून हे नाव आहे. माऊसवरील मॅक्रोचे तत्त्वही तेच आहे. असंख्य खेळाडू एकाच वेळी सहभागी होतात अशा भूमिकाप्रधान खेळांत प्रत्येक पात्राला अनेक कौशल्ये असतात आणि ती वेगवेगळ्या कळांवर विखुरलेली असतात. ही गरज ओळखून रेझर कंपनीने २००९ मध्ये ‘नागा’ हा माऊस बाजारात आणला. त्याच्या कडेला अंगठ्यासाठी १२ बटणे होती.

खेळाखेरीज कार्यालयीन कामातही मॅक्रोचा उपयोग होतो. एका तक्त्यातील मजकूर उचलून दुसऱ्या खिडकीत नेण्यासाठी कंट्रोल-सी, ऑल्ट-टॅब, कंट्रोल-व्ही आणि एंटर अशा कळा पुन्हा पुन्हा दाबाव्या लागतात. हा सारा क्रम एका बटणावर येऊ शकतो. ज्यांना एकाच हाताने संगणक वापरावा लागतो किंवा ज्यांचे मनगट सततच्या टंकलेखनाने दुखते, त्यांच्यासाठी ही सोय विशेष मोलाची आहे.

नोंदणीची पद्धत

माऊससोबत कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर मिळते. लॉजिटेकचे ‘जी हब’ आणि रेझरचे ‘सिनॅप्स’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. तपशील वेगळे असले तरी पायऱ्या साधारण सारख्याच असतात. प्रथम मॅक्रोच्या विभागात जाऊन नवा मॅक्रो उघडावा आणि त्याला ओळखता येईल असे नाव द्यावे. नंतर नोंदणी सुरू करून कळा हव्या त्या क्रमाने दाबाव्यात, नोंदणी थांबवून क्रम जतन करावा आणि शेवटी तो माऊसच्या निवडलेल्या बटणाला जोडावा.

मॅक्रो कसा चालावा, हेही ठरवावे लागते. तो बटण दाबताच एकदाच चालतो, बटण दाबून धरले असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो किंवा एकदा दाबल्यावर सुरू होऊन दुसऱ्यांदा दाबल्यावर थांबतो. नवख्या वापरकर्त्याने पहिला प्रकार निवडणे हिताचे. तिसऱ्या प्रकारात मॅक्रो थांबवण्याचे विसरल्यास कळा आपोआप दाबल्या जात राहतात.

वेळेचे गणित

संगणकाच्या दृष्टीने कळ दाबणे आणि ती सोडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यामुळे नोंदवलेल्या क्रमात प्रत्येक कळेच्या दोन नोंदी दिसतात. संपादन करताना सोडण्याची नोंद चुकून पुसली गेली, तर ती कळ दाबलेलीच राहते. कंट्रोलची कळ अशी अडकली, तर पुढची साधी अक्षरेही आज्ञा ठरू लागतात.

या दोन नोंदींमधील अंतर मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, मोजले जाते. हे अंतर शून्यावर आणल्यास मॅक्रो वेगवान होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट घडू शकते. गेमिंग माऊस संगणकाला सेकंदाला साधारण १,००० वेळा माहिती पाठवू शकतो. पण सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात दर दोन चित्रांमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. त्याहून कमी काळ दाबलेली कळ काही खेळांच्या नजरेतून निसटते. म्हणून सुरुवातीला ३० ते ५० मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे आणि ते प्रयोगाने हळूहळू कमी करावे. पहिली चाचणी खेळात न घेता नोटपॅडमध्ये घेतल्यास चूक चटकन दिसते.

भारतीय भाषांत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा मॅक्रो सहसा अक्षर पाठवत नाही, कळेचा सांकेतिक क्रमांक पाठवतो. त्याचे अक्षर कोणते, हे संगणकावर त्या वेळी निवडलेला कळफलक ठरवतो. इंग्रजीत नोंदवलेला मजकूर इनस्क्रिप्ट सुरू असताना चालवल्यास ‘के’च्या जागी ‘क’ आणि ‘एच’च्या जागी ‘प’ उमटतो.

मॅक्रो कोठे साठवावा?

अनेक माऊसमध्ये स्वतःची छोटी स्मृती असते. उदाहरणार्थ, लॉजिटेकच्या ‘जी ५०२ हीरो’मध्ये पाच वेगवेगळ्या मांडण्या साठवता येतात. मॅक्रो तेथे ठेवल्यास माऊस दुसऱ्या संगणकाला जोडल्यावरही तो चालतो. संगणकावरच ठेवलेल्या मॅक्रोला मात्र सॉफ्टवेअर सुरू असावे लागते. कोणत्याही ठिकाणी पासवर्डचा मॅक्रो करू नये. माऊस ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती खातेही जाईल.

सोय आणि लबाडी यांतील रेषा

स्पर्धात्मक खेळांत प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. बंदुकीचा झटका सावरण्यासाठी माऊस आपोआप खाली ओढणारा मॅक्रो हा उघड गैरप्रकार मानला जातो, कारण ते कौशल्य खेळाडूचे नसते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळात अचूक नेम साधण्यासाठी धावता धावता विरुद्ध दिशेची कळ दाबून क्षणात थांबावे लागते. काही नव्या कळफलकांनी हे काम स्वतःकडे घेतले. तेव्हा खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा स्वयंचलनावर बंदी घातली आणि अधिकृत सर्व्हरवर ते आढळल्यास खेळाडूला सामन्यातून काढले जाईल, असे जाहीर केले. एकाच कळेवर हालचालींच्या अनेक क्रिया बांधण्यासही तेव्हापासून तेथे मनाई झाली.

प्रत्येक खेळाचा नियम वेगळा असतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खेळातच मॅक्रो लिहिण्याची सोय आहे, पण तो २५५ अक्षरांपुरता मर्यादित आहे. खेळाडूच्या अनुपस्थितीत पात्र चालवत ठेवणे मात्र तेथेही निषिद्ध आहे. एक दाब, एक क्रिया हा साधारण सुरक्षित निकष म्हणता येईल.

भारतात ई-क्रीडेला डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून सरकारी मान्यता मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत या प्रकाराला पदकांचा दर्जा होता. खेळाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या तरुणासाठी बंद झालेले खाते म्हणजे वर्षांची मेहनत वाया जाणे होय. म्हणून मॅक्रो जोडण्यापूर्वी त्या खेळाचे आणि स्पर्धेचे नियम वाचावेत, आणि शंका असल्यास सामन्यासाठी मॅक्रोविरहित वेगळी मांडणी माऊसमध्ये तयार ठेवावी.