स्थिर हृदयशूल : वेदनेचे औषध आणि रक्षणाचे औषध

जिना चढताना, भरल्या पोटी घाईने चालताना किंवा संतापाच्या भरात छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे दुखू लागते. ही कळ कधी डाव्या हातात, तर कधी जबड्याकडे जाते आणि थांबून विश्रांती घेतल्यावर काही मिनिटांत ओसरते. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली या विकाराचे नेमके वर्णन केले व त्यास ‘अंजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या करोनरी रोहिण्यांच्या आत मेदाचे थर साचून मार्ग अरुंद होतो. श्रमाच्या वेळी हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, पुरवठा मात्र त्या प्रमाणात वाढू शकत नाही. ठराविक श्रमांनंतरच येणारी आणि अनेक आठवडे स्वरूप न बदलणारी अशी वेदना म्हणजे स्थिर हृदयशूल होय.

या विकारावरील औषधांचे दोन गट आहेत, आणि त्यांतील भेद रुग्णाने समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

पहिला गट वेदना शमविणारा. विल्यम मरेल यांनी १८७९ साली हृदयशूलावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग दाखवून दिला. सुरुंगाच्या दारूत वापरले जाणारे हे द्रव्य अत्यल्प मात्रेत रक्तवाहिन्या शिथिल करते व हृदयावरील भार हलका करते. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातील आहे. ती बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते. सिल्डेनाफिलसारखे औषध घेणाऱ्यांनी ती घेऊ नये. बीटा-ब्लॉकर औषधे नाडीची गती कमी करून हृदयाची प्राणवायूची गरज घटवितात. अशा पहिल्या प्रभावी औषधाचे जनक सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत, तसे केल्यास शूल बळावतो. दम्याच्या रुग्णांनी आपला विकार डॉक्टरांना आधीच सांगावा.

दुसरा गट रक्षण करणारा. मेदाचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमली, की हृदयविकाराचा झटका येतो. अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन गुठळी होण्यास प्रतिबंध करते, तर स्टॅटिन कोलेस्टेरॉल घटवून थर स्थिर ठेवते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांचा सुमारे साडेपाच वर्षे पाठपुरावा केला गेला. स्टॅटिन न घेणाऱ्यांत शंभरांमागे सुमारे १२ जण दगावले, घेणाऱ्यांत ८.

या गोळ्या घेतल्याने रुग्णाला आज काहीच वेगळे जाणवत नाही, आणि नेमके म्हणूनच दुखणे थांबले की त्या प्रथम बंद केल्या जातात. वेदना नाही म्हणजे आजार नाही, असे समजणे घातक ठरते. मधुमेही रुग्णांत तर कित्येकदा वेदनेऐवजी केवळ धापच लागते.

‘मग अँजिओप्लास्टीच का करू नये?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या अभ्यासात भारतासह ३७ देशांतील ५,१७९ स्थिर रुग्ण होते. सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी वा बायपास केलेल्यांना वेदनेपासून अधिक आराम मिळाला, विशेषतः वारंवार शूल येणाऱ्यांना. मृत्यूचे प्रमाण मात्र औषधोपचाराने सुरुवात केलेल्यांइतकेच राहिले. डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेले व हृदयाची शक्ती फार क्षीण झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. शस्त्रक्रिया झाली, तरी रक्षणाची औषधे सुटत नाहीत.

औषधांना पथ्याची जोड हवीच. विडी-सिगारेट, तंबाखू व मिश्री कायमची सोडावी. दिवसाचे मीठ एका चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज अर्धा तास चालावे. रक्तदाब व रक्तशर्करा नियमित तपासावी. खर्चाची अडचण असल्यास गोळी बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. यांतील बहुतेक औषधे जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात.

वेदना विश्रांतीतही येऊ लागली, वाढली किंवा जिभेखालील गोळीने पाच मिनिटांत थांबली नाही, तर तो शूल स्थिर राहिलेला नाही असे समजावे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी मात्र नित्याची गोळी आणि नित्याचे चालणे हेच या रुग्णाचे खरे कवच आहे.