पन्नासपैकी पन्नास

फेब्रुवारी २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका निबंधाने कर्करोगतज्ज्ञांमध्ये खळबळ उडवली. इमॅन्युएल पेट्रिकॉइन, लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचं त्यात म्हटलं होतं. शंभर नमुन्यांवर संगणकाला तयार केलं, मग कोणता नमुना कुणाचा हे न सांगता ११६ नवे नमुने त्याच्यापुढे ठेवले. कर्करोगाचे पन्नासच्या पन्नास सापडले. कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर निघाले.

या आजारात पोट फुगतं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं. बाई ते अपचनावर ढकलते आणि निदान होईपर्यंत रोग बहुधा पोटभर पसरलेला असतो. त्यामुळे एवढी आशा का वाटली, हे समजण्याजोगं आहे.

पद्धत अशी. रक्तद्रव एका चिपवर ठेवायचा, चिकटलेल्या प्रथिनांवर लेझर मारायचा. विद्युतभारित कण नळीतून धावतात, हलके आधी पोचतात, आणि आलेखावर शिखरं उमटतात. संगणकाने त्यातली पाच शिखरं निवडली. ती कुठल्या प्रथिनांची, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते खरी गफलत इथेच होती. रक्तद्रवात प्रथिनांच्या प्रमाणात प्रचंड तफावत असते. मिलिलिटरमागे अल्ब्युमिन चाळीसेक मिलिग्रॅम, तर प्रोस्टेटचं पीएसए निरोगी पुरुषात त्याच्या कोट्यंशाहूनही कमी. अशा गर्दीत लहानशा गाठीचा माग काढायचा होता.

या गटाने आपली आकडेवारी सर्वांसाठी खुली केली, हा त्यांचा मोठेपणा. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी ती उकरली. निवडलेल्या शिखरांपैकी एक यंत्राच्या गोंगाटाच्या पट्ट्यात होतं. गटाच्या नंतरच्या एका संचात तर कर्करोग नसलेले नमुने बहुतांशी आधी आणि कर्करोगाचे नंतर तपासले गेले होते. म्हणजे संगणक रोग ओळखत होता की तपासणीचा वार, हे सांगणं अवघड.

आणि समजा, चाचणी खरीच असती तरी? अंडाशयाचा कर्करोग पन्नाशीपुढच्या साधारण अडीच हजार बायकांत एकीला असतो, असं धरतात. ९५ टक्के बिनचूक चाचणी त्या एकीला शोधेल आणि सव्वाशे धडधाकट बायकांना घाबरवेल. खात्रीसाठी पुढे शस्त्रक्रियाच. 'ओव्हाचेक' नावाने ही चाचणी बाजारात यायच्या बेतात असताना २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हरकत घेतली.

त्या चिपा बनवणाऱ्या सायफरजेन कंपनीचं नाव पुढे व्हर्मिलियन झालं. तिच्या 'ओव्हा-वन' चाचणीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यातली पाचही प्रथिनं नावानिशी माहीत आहेत. गाठ आधीच सापडलेली आणि शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर बाईला कर्करोग-शल्यविशारदाकडे पाठवावं का, एवढंच ती सुचवते. मला हा आटोपशीरपणा आवडतो.

त्या पाचांतलं एक सीए-१२५. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर याच प्रथिनाची आणि सोनोग्राफीची चाळणी लावून पाहिली. २०२१ च्या निष्कर्षात या रोगाने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. शिवाय सीए-१२५ मासिक पाळीत, गर्भारपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतं. आपल्याकडे आणखी एक कारण: पोटाचा क्षय. त्यातही पोटात पाणी होतं, वजन उतरतं, सीए-१२५ चढतं. अखेर तुकडा काढून तपासल्यावरच बऱ्याचदा उलगडा होतो, आणि क्षय निघाला तर तो गोळ्यांनी बरा होतो.