गाडीचं ॲव्हरेज आणि देशाचं तेल



आजची सुरुवात एका रस्त्यापासून. पुण्याहून साताऱ्याला, कोल्हापूरला जाताना तुम्ही जो महामार्ग धरता, त्याचा नंबर ४८. तोच रस्ता उलट दिशेला मुंबई, अहमदाबाद, जयपूर करत दिल्लीला जातो. दिल्लीच्या थोडं अलीकडे, हरियाणात, मानेसर लागतं. तिथे मारुती सुझुकीचा मोठा कारखाना आहे आणि 'आयकॅट' नावाची वाहनं तपासणारी संस्था आहे. पुण्यात एआरएआय आहे ना, तसंच काम करणारी.

आता प्रश्न असा. शोरूममध्ये सांगतात, "साहेब, बावीसचं ॲव्हरेज आहे." घरी आणल्यावर गाडी देते पंधरा. मग हा आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो. तो कसा काढतात ते समजून घेऊ. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, बंद खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. साधारण वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटर एवढं ठरावीक वेळापत्रक पाळायचं: कुठे थांबायचं, कधी वेग घ्यायचा, सगळं सेकंदावर लिहिलेलं. जास्तीत जास्त वेग ताशी ९०. आजवरच्या या पद्धतीत एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मागून हॉर्न नाही. आणि गंमत म्हणजे पेट्रोल किती संपलं ते धुरावरून मोजतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धुरातला कार्बन मोजला की पेट्रोलचा हिशेब आपोआप लागतो.

म्हणजे हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. पण तो तुमच्या घर ते ऑफिस प्रवासाचा आकडा नाही. बावीस आणि पंधरा यांच्यामधल्या फरकात ट्रॅफिक आहे, एसी आहे, रस्ता आहे. आणि आपला उजवा पायसुद्धा आहे.

या पायाचा देशाशी काय संबंध? मानेसरच्या पंपावरचं पेट्रोल कुठून येतं ते बघा. हरियाणातच पानिपतला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. पानिपत म्हटलं की आपल्या मनात वेगळंच काही येतं, पण आज तिथे कच्चं तेल येतं ते कच्छमधल्या मुंद्रा बंदरातून, पाइपलाइननं. आणि मुंद्र्याला ते येतं परदेशातून, जहाजानं. आपण वापरतो त्या कच्च्या तेलातलं शंभरातलं जवळजवळ ८८ लिटर तेल बाहेरचं असतं.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, भाव काही महिन्यांत चौपट झाले, तेव्हा आपल्याला पहिला मोठा चटका बसला. पुढच्याच वर्षी मुंबईजवळ समुद्रात 'बॉम्बे हाय' सापडलं, त्यानं मोठा आधार दिला. पण आपली भूक त्याहून वेगानं वाढली. म्हणूनच १९७८ मध्ये पेट्रोलियम बचतीसाठी पीसीआरए ही संस्था आली आणि २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला. आखातात काही खुट्ट झालं की आपल्याकडे भाजीच्या टेम्पोचं भाडं वाढतं. या गोष्टी इतक्या जवळच्या आहेत.

आता आपला हिशेब मांडू. महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालते. पंधराच्या ॲव्हरेजला सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागेल. नीट चालवून ते सतरावर नेलं तर ५९ लिटर. महिन्याला ८, वर्षाला ९० च्या वर लिटर वाचले. तेलाचं एक पिंप १५९ लिटरचं असतं. म्हणजे एका घरानं वर्षाला अर्ध्या पिंपाहून जास्त इंधन वाचवलं. लिटरमागे १०० रुपये धरले तर ९,००० रुपये खिशात राहिले.

त्यासाठी करायचं काय? पहिलं, वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० ऐवजी १०० नं गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. दुसरं, टायरमधली हवा. कमी हवेचं चाक ढकलायला इंजिनला जास्त जोर लागतो. तिसरं, लांबच्या सिग्नलला इंजिन बंद. चौथं, पुढे लाल दिवा दिसतोय तर आधीच पाय काढा. ब्रेक मारला की पेट्रोल जाळून मिळवलेला वेग नुसत्या उष्णतेत जातो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळा भार सामान्य माणसाच्या पायावर टाकून भागणार नाही. एका माणसासाठी टनभराहून जड गाडी हलवायची, हाच मोठा खर्च आहे. बस वेळेवर आली, लोकलला जागा मिळाली, तर तो खर्चच टळतो. ते काम धोरणाचं आहे. मानेसरमध्येच याचं एक उदाहरण घडलं. जून २०२५ मध्ये मारुतीच्या कारखान्याच्या आतच रेल्वे साइडिंग सुरू झालं, वर्षाला साडेचार लाख गाड्या पाठवण्याच्या क्षमतेचं. एका ट्रेलरवर जेमतेम आठेक गाड्या मावतात आणि तो डिझेल पितो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक कमी जोरात पळतं. शिवाय आपली रेल्वे आता मुख्यतः विजेवर चालते आणि ती वीज बहुतांशी देशातल्या कोळशाची आहे. कोळशाचा धूर आहेच, पण तेलाचं परावलंबन तेवढं कमी होतं.

तेव्हा आजचं काम एकच. पुढच्या वेळी टाकी फुल कराल तेव्हा मीटरचा आकडा लिहून ठेवा. परत फुल कराल तेव्हा किलोमीटर भागिले लिटर करा. मोजलं की कळतं, आणि कळलं की पाय आपोआप हलका होतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.