मक्याची व गव्हाची तोर्तिया : रोजच्या जेवणास कोणती बरी ?

भाकरी बरी कीं पोळी, हा वाद जसा आपल्याकडे घरोघर आहे, तसाच मेक्सिको देशांत मक्याच्या व गव्हाच्या तोर्तियेचा आहे. तोर्तिया म्हणजे तेथील रोजची पातळ, वाटोळी रोटी. परदेशच्या रोटीशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु मका आपल्याहि शेतांत पिकतो व त्याची भाकरी कित्येक घरीं होते, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

मका हें मूळचें मेक्सिकोचें धान्य असून सुमारें ९००० वर्षांपूर्वीं तें तेथें लागवडीस आलें. गहूं स्पॅनिश लोकांनीं १६ व्या शतकांत नेला. त्यामुळें देशाच्या मध्यभागीं व दक्षिणेस मक्याची, तर सोनोरासारख्या उत्तरेकडील प्रांतांत गव्हाची तोर्तिया रूढ झाली.

गव्हाची तोर्तिया मैदा, मीठ, कोमट पाणी व चरबी यांची कणीक मळून लाटतात. ती निवली तरी मऊ राहते व घडी घातली तरी मोडत नाहीं, प्रवासास सोयीची. मक्यास तो चिवटपणा नाहीं. म्हणून त्याची तोर्तिया हातानें थापतात किंवा दोन फळ्यांमध्यें दाबतात. गरम असतां ती उत्तम, निवल्यावर कडक. शिळी मात्र वायां जात नाहीं. तिचे तुकडे तळून मिरचीच्या रश्शांत घालतात. तींत मका, चुना व पाणी एवढेंच; स्निग्ध पदार्थ वेगळा लागत नाहीं. १०० ग्रॅम मक्याच्या तोर्तियेंत सुमारें २२० कॅलरी, तर मैद्याच्या तोर्तियेंत सुमारें ३००; चोथाहि मक्यांत अधिक. रोजच्या जेवणास आम्ही मक्याच्या बाजूनें मत देतों, पण एका शर्तीवर. ती शर्त चुन्याची.

तेथील रीत अशी. १ किलो मक्यास कोरड्या मापानें सुमारें १० ग्रॅम खाण्याचा चुना ३ लिटर पाण्यांत कालवावा. त्यांत मका मंद आंचेवर अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं चोळतांच साल सुटते. मग धुऊन ओलाच पाट्यावर वाटावा. ॲल्युमिनियमचें भांडें घेऊं नये, चुना तें खातो. भिंतीचा चुनाहि वापरूं नये. या रीतीनें पीठ नीट मिळून येतें, कॅल्शियम वाढतें, आणि नायसिन नांवाचें जीवनसत्त्व, जें मक्यांत बांधलेलें असून अंगीं लागत नाहीं, तें मोकळें होतें.

मक्याचें बीं युरोपांत गेलें, चुन्याची रीत मात्र मागें राहिली. १७३५ सालीं स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्यानें मक्यावर राहणाऱ्या गरिबांतील एका रोगाचें वर्णन केलें : उन्हांत कातडी काळवंडते, जुलाब होतात, बुद्धि भ्रमते व अखेर मृत्यु येतो. इटलींत त्यास पेलाग्रा म्हणूं लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या आरंभीं या रोगानें हजारों लोक दगावले. हा रोग सांथीचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हें १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं दाखविलें. नायसिनचा गुण १९३७ सालीं कळला. दख्खनमध्यें ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतहि हाच रोग डॉ. सी. गोपालन प्रभृति हैदराबादच्या संशोधकांनीं १९६० च्या सुमारास नमूद केला आहे. एकट्या धान्यावर राहणें धोक्याचें, हें यावरून दिसतें.

आम्हीं घरीं हा प्रयोग केला. पहिल्या वेळीं मका नीट न धुतल्यामुळें भाकरीस चुन्याची चव आली व ती गुरांस घालावी लागली. दुसऱ्या वेळीं चार पाण्यांनीं धुतला. भाकरी तव्यावर फुगली व मुलांनीं मागून खाल्ली. ज्यांच्या घरीं मक्याची भाकरी नित्याची आहे, त्यांनीं चुन्याची रीत अवश्य करून पाहावी व जोडीस डाळ, ताक किंवा शेंगदाणे ठेवावे. गव्हाची पोळी सणास व प्रवासास आहेच.